श्रावणातल्या आयताराची रात्र

माझ्या बाळंतपणाच्या फाइलीत एक चतकोर कागद मी अजून जपून ठेवला आहे. गोव्यात आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने घाईघाईत लिहून दिलेली चिठ्ठी. माझं नाव, वय, त्याखाली ‘31 आठवडे पूर्ण’ आणि शेवटी ‘इंजेक्शन डेक्सा 6 मि.ग्रॅ., पहिला डोस, रात्री 9.10’. कागद पावसात भिजला होता, म्हणून नवाचा आकडा शाईत पसरला आहे.

14 ऑगस्ट 2016. श्रावणातला दुसरा आयतार, म्हणजे रविवार. सकाळी सासूबाईंनी आयतार पूजला, मी बसल्या बसल्या त्यांना पत्री निवडून दिली. दुपारी पाठ भरून आली. ती रोजच येत होती, म्हणून कूस बदलून पडून राहिले. दिवेलागणीला लक्षात आलं की हे दुखणं ठरावीक वेळाने येतंय आणि जातंय.

आरोग्य केंद्रात सिस्टरने माझ्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग डॉक्टरांना हाक मारली. मला तिने पहिला प्रश्न विचारला तो पाळीच्या तारखेचा. मी लगेच सांगितली, 10 जानेवारी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी दर महिन्याला एक बारीक फुली करते. जानेवारीच्या पानावर ती संक्रांतीच्या पाच दिवस आधी होती. तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीशीही तारीख जुळत होती. त्या फुलीवर पुढचं किती काही ठरणार होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“एक इंजेक्शन देते मांडीत. मग 108 येईल, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं.”

“कसलं इंजेक्शन?”

“स्टेरॉईड. बाळाच्या फुप्फुसांसाठी.”

मी पाय आखडून घेतला. सिस्टर थांबली. कमरेवर हात ठेवून ओरडली असती तरी मी समजू शकले असते, बाहेर दोन बाया ताटकळत होत्या. पण ती वाकली, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, “बाय, भिऊं नाका.” आणि सुई टोचली.

त्या एका शब्दाला मी इतकी का भ्याले, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मला लहानपणापासून दमा आहे. आमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जून लागला की भिंतींना बुरशी, कपड्यांना ओल, आणि माझ्या छातीत मांजराचं पिल्लू गुरगुरल्यासारखा आवाज. वर्षानुवर्षं मी सकाळ-संध्याकाळ पंप घेत आले. त्यात ब्युडेसोनाईड असतं, म्हणजे स्टेरॉईडच, पण थेट श्वासातून जाणारं आणि मात्राही अगदी कमी. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी तो पंप कपाटात ठेवून दिला. कुणी जबरदस्ती केली नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गो, आता पोटात काय घालतेस ते बघून घाल.” मलाही ते पटलं. गरोदर बाईने औषध घेऊ नये हे आपल्याकडे हवेतच असतं, ते कुणी शिकवावं लागत नाही.

त्या भीतीला कारणही आहे. थॅलिडोमाईड नावाची गोळी 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आली. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी निर्धोक म्हणून ती विकली गेली, 1961च्या अखेरीस मागे घेतली गेली, आणि तेवढ्यात जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्माला आली. तोवर पुष्कळांची अशी समजूत होती की वार, म्हणजे गर्भाशयातली ज्या गादीला नाळ जोडलेली असते ती, एक भिंत आहे, आईने घेतलेलं बाळापर्यंत पोचत नाही. ती समजूत गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या टोकाची आली, की सगळंच पोचतं आणि सगळंच विष आहे. मी या दुसऱ्या समजुतीची होते.

जुलैत मला रात्रीचा असा दम लागला की वाक्य पुरं करता येईना. नेब्युलायझर लागला, वर पाच दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉईडच्याच, गोळ्या. गोळीचं पाकीट हातात धरून मी डॉक्टरांपुढे रडले. त्यांनी मला बसवून घेतलं आणि जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. वारेत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते प्रेडनिसोलोनचा बहुतेक भाग वाटेतच निकामी करून टाकतं. बाळापर्यंत फार थोडं पोचतं. “ही गोळी तुझ्यासाठी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि तुला हवा मिळाली तरच त्याला मिळणार. त्याला दुसरी खिडकी नाही.”

महिन्याभराने आरोग्य केंद्रात टोचलं गेलं ते डेक्सामेथासोन. तेही स्टेरॉईडच, त्याच कुळातलं. पण वारेतलं ते विकर याला फारसं अडवू शकत नाही. ते सरळ पलीकडे जातं, आणि म्हणूनच ते निवडलेलं असतं. एक औषध आईपाशी थांबावं म्हणून द्यायचं, दुसरं बाळापर्यंत पोचावं म्हणून द्यायचं. दोन्हींना बाहेरचं जग एकाच नावाने ओळखतं आणि त्या एका नावाला भितं. ही गोष्ट मला ॲम्ब्युलन्समध्ये कळली असती तर उसगाव, फोंडा, बाणस्तारी हा रस्ता मी जरा कमी घाबरत पार केला असता.

बाळाची फुप्फुसं पोटात रिकामी नसतात, द्रवाने भरलेली असतात. बाळ तिथे श्वास घेण्याचा सरावही करतं, छाती हलते, पण हवा नसते. प्राणवायू नाळेतून येतो. जन्मल्याबरोबर काही मिनिटांत तो द्रव शोषला जाऊन त्या जागी हवा भरायला हवी, आणि मुख्य म्हणजे श्वास सोडल्यावर फुप्फुसांतले ते इवलाले फुगे मिटून जाता कामा नयेत. घोटाळा होतो तो तिथे.

मासळीबाजारातून आणलेली पातळ पिशवी रिकामी करून धुतली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना अशा चिकटतात की नखाने सोडवाव्या लागतात. पाण्याचा पातळ थर त्यांना ओढून धरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वायुकोश असेच ओले असतात, आणि फुगा जितका लहान तितकी ही ओढ जास्त. दर श्वासाला बाळाला ते नव्याने सोडवावे लागतात. मोठं माणूससुद्धा थकून जाईल, तिथे दीड किलोचा जीव किती वेळ झुंजणार? पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या वायुकोशांत एक स्निग्ध, साबणासारखा थर असतो, सर्फॅक्टंट. तो पाण्याची ओढ कमी करतो. फुप्फुसांतल्या काही पेशी तो साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बनवू लागतात, पण पुरेसा साठा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे उजाडतात. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन त्या पेशींना लवकर कामाला लावतं, वायुकोशांच्या भिंती पातळ करतं, आतला द्रव शोषून घेण्याची तयारी करवतं. बाळाचं स्वतःचं शरीर हेच काम शेवटच्या आठवड्यांत आपल्या कॉर्टिसॉलने करत असतं. इंजेक्शन फक्त तो निरोप आधी पोचवतं.

आपल्याकडे म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे वाक्य मी त्या दोन दिवसांत चार जणींकडून ऐकलं, सगळ्या मला धीर देत होत्या. पण फुप्फुसांच्या हिशेबात ते उलटं आहे. आत काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. आठव्या महिन्यात कळा आलेल्या बाईला हे वाक्य कुणी ऐकवू नये असं मला फार कळकळीने वाटतं.

हा शोध लागला कसा, ते मी पुढे मुलगी मांडीवर झोपलेली असताना रात्री-अपरात्री वाचत गेले. 1959 साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की श्वास न लागून जाणाऱ्या या बाळांच्या फुप्फुसांत तो साबणासारखा थरच पुरेसा नसतो. कारण कळलं, उपाय नव्हता. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक चौतीस आठवड्यांचा जन्मला आणि दोन दिवसांच्या आत याच दुखण्याने गेला. ज्या घरात जगातला कुठलाही डॉक्टर बोलावता आला असता, तिथेही काही करता आलं नाही.

उपाय सापडला तो न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांमध्ये, आणि दुसरंच काही शोधताना. ऑकलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूती सुरू कशाने होते याचा माग काढत होते. मेंढीच्या पोटातल्या कोकराला ते स्टेरॉईड देत. त्यातलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत होतं. नंतर पाहिलं तर फुप्फुसांत काही भागात हवा भरलेली. ‘हे मेलं कसं नाही’ असा प्रश्न पडणारा माणूस तिथे उभा होता हे आपल्या सगळ्यांचं नशीब. मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी 282 मातांवर रीतसर चाचणी केली आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापले. औषध न मिळालेल्या गटात शंभरातली पंधरा बाळं पहिल्या दिवसांतच गेली होती. औषध मिळालेल्या गटात तीन.

इतका स्वच्छ आकडा. तरीही अमेरिकेत हे इंजेक्शन सर्रास द्यावं असा जाहीर निर्वाळा यायला 1994 उजाडलं. मधल्या काळातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर उत्तर किती स्पष्ट होतं ते दाखवणारा आलेखच पुढे कॉक्रेन या संस्थेने आपलं बोधचिन्ह म्हणून घेतला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या 2014 मध्ये. चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन 6 मि.ग्रॅ., बारा तासांच्या अंतराने चार वेळा, आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएमनेही, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेनेही, द्यावा. माझ्या चिठ्ठीवरचा 9.10 हा त्या सूचनेतून आला होता. तीन वर्षं आधी माझ्यावर ही वेळ आली असती तर पहिली सुई बांबोळीला पोचल्यावरच लागली असती का, हे मी कधी कधी मोजत बसते.

बांबोळीला दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डच्या खिडकीतून कुठून तरी झेंडावंदनाची गाणी येत होती. कळा थांबवायच्या गोळ्या चालू होत्या. त्या बाळंतपण कायमचं थांबवत नाहीत, इंजेक्शनला आपलं काम करायला वेळ मिळवून देतात. एक दिवस मिळाला तरी पुष्कळ, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. सोमवारी सकाळी, सोमवारी रात्री, मंगळवारी सकाळी. चार पुरे झाले आणि मंगळवारी संध्याकाळी ती आली. 1 किलो 480 ग्रॅम.

रडली. बारीक, पण रडली.

काचेच्या पेटीत तिच्या नाकाला आखूड नळ्या लावल्या होत्या आणि त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं होतं. बाटलीत सारखे बुडबुडे यायचे. या बुडबुड्यांच्या दाबाने वायुकोश मिटत नाहीत, उघडे राहतात, असं सिस्टरने समजावलं. चुलीवर पेज रटरटते तसा तो आवाज. मी स्टुलावर बसून तो ऐकत राहायचे, आणि तो थांबला की माझा श्वास थांबायचा. तिच्या बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जायची. पहिल्या दिवशी खोल, दुसऱ्या दिवशी जरा कमी, चौथ्या दिवशी नुसती थरथर. पाचव्या दिवशी नळ्या निघाल्या. श्वास घ्यायला मधेच विसरते म्हणून तिला कॅफीन देत होते. कॉफीतलं तेच कॅफीन, थेंबाथेंबाने. मग माझ्या छातीवर उताणं न ठेवता पालथं, कातडीला कातडी लावून, तासन् तास. चवथीला घरी गणपती आला तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो.

त्या दिवसांत एकदा धीर करून मी डॉक्टरांना विचारलं, मी पंप बंद केला म्हणून हे झालं का? त्या लगेच ‘नाही’ म्हणाल्या नाहीत, याचा मला आजही आदर वाटतो. दमा आटोक्यात नसेल तर दिवस पुरे न होण्याचा धोका वाढतो हे त्यांनी सांगितलं, आणि माझ्या बाबतीत तेच कारण होतं असं कुणालाच सांगता येणार नाही हेही सांगितलं. एवढ्यावर मला जगायचं आहे, आणि जगता येतं.

आणखी एक गोष्ट त्यानंतर कळली. सहाव्या महिन्यात कंबर धरली म्हणून मी कोपऱ्यावरच्या फार्मसीतून गोळ्या आणल्या होत्या. ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. दोनच घेतल्या. त्या आयबुप्रोफेनच्या जातीच्या होत्या. या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर घेतल्या तर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. गर्भजलाचा आणि फुप्फुसांचा संबंध जवळचा आहे. मधल्या महिन्यांत ते फार दिवस कमी राहिलं तर फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे, याच कारणासाठी गरोदरपणात बदलून देतात. म्हणजे बघा, छातीला जपणारा पंप मी घाबरून बंद केला आणि जिला खरंच भ्यायला हवं होतं ती गोळी कंबर दुखते म्हणून सहज गिळली.

सासूबाईंना मी हे इंजेक्शन समजावून सांगत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे मानकुराद अढीत घालतात तसं?” मला ती उपमा आवडली, आणि ती त्यांना वाटली त्यापेक्षा जास्त बरोबर आहे. अढीतला आंबा लवकर पिकतो, पण झाडावर राहिला असता तर आणखी भरला असता. ही इंजेक्शनं पुन्हा पुन्हा दिली तर बाळाचं वजन कमी भरतं. आईची साखर चढते. म्हणून येता-जाता टोचायचं हे औषध नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा देशांतल्या गावोगावी ते सर्रास द्यायला सुरुवात केली होती. आमच्या चोर्ला घाटापलीकडचं बेळगाव त्यात होतं, नागपूरही होतं. दिवस नक्की मोजलेले नव्हते, औषध मिळालेल्या अनेक जणींचं बाळंतपण पुढे पुऱ्या दिवसांनीच झालं, आणि एकूण बाळांच्या मृत्यूंत घट व्हायची ती थोडी वाढच झाली. आयांमध्ये जंतुसंसर्ग वाढल्याचाही संशय आला. मग 2020 मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात भारतासह पाच देशांतल्या हॉस्पिटलांमधून 2852 मातांवर, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, बाळाची काळजी घ्यायची सोय असेल तिथेच ते देऊन पाहिलं. तिथे बाळं वाचली, स्पष्टपणे वाचली. औषध तेच होतं. आठवडा माहीत होता आणि काचेची पेटी होती, फरक एवढाच. त्यामुळे माझ्या भाच्या-पुतण्यांच्या लग्नानंतर घरात येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी दुसरं काही सांगत नाही, कॅलेंडरवर फुली मारायला सांगते.

मुलगी आता चौथीत आहे. पावसाळ्यात तिची छाती माझ्याइतकी वाजत नाही. कोरोनाच्या दिवसांत बातम्यांत डेक्सामेथासोनचं नाव आलं तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवून सासूबाईंना हाक मारली, जणू ओळखीचं माणूस दिसलं.

त्यांना मी एक गोष्ट मुद्दाम कधी विचारली नव्हती. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, 1979 साली, सातव्या महिन्यात. दीड दिवस जगला. दम लागून गेला, एवढंच घरात बोललं जातं. गेल्या श्रावणात मागच्या पडवीत बसून त्या अबोलीची फाती करत होत्या, मुलगी शेजारी फुलं पुढे करत होती. सासूबाईंनी मान वर न करता विचारलं,

“गो, ते इंजेक्शन तेव्हा निघालं होतं?”

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. त्यांनी माझ्याशी कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही.

“निघालं होतं. सात वर्षं झाली होती.”

त्यांनी आणखी तीन-चार फुलं गुंफली. मग विचारलं, “महाग होतं?”

“नाही.”

दोऱ्याचं टोक त्यांनी दातांनी तोडलं आणि फाती नातीच्या केसांत माळली. बराच वेळ त्यांचा हात तिच्या पाठीवर होता, जिथे श्वास हाताला लागतो तिथे.